डावखुऱ्याची जखम

थोरला सुतार डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात शिरला तेव्हा त्याच्या डाव्या हाताला गुंडाळलेल्या पंच्यातून रक्त ठिबकत होतं. बाकावरचे पेशंट न सांगताच उठले. मागोमाग धाकटा भाऊ आला. तासाभरापूर्वी थोरल्याच्या पोटावर लाकूड तासायची पटाशी चालवली ती यानेच. हात मध्ये आला म्हणून पोट वाचलं.

भांडण कशावरून, तर थोरल्याने गिऱ्हाइकासमोर धाकट्याने केलेल्या दाराचा सांधा उचकटून दाखवला. चूक थोरल्याचीही होतीच. चारचौघांत भावाचं काम असं उघडं पाडू नये. पण म्हणून काय माणूस भोसकायचा? वाटभर धाकटा एकच घोकत होता, "पटाशी निसटली म्हण. नाहीतर मी आत जाईन." आईच्या माघारी थोरल्यानेच त्याला वाढवलेला. नुसतं 'चुकलं' म्हणाला असता, तर हात तुटला तरी थोरल्याने तोंड उघडलं नसतं. पण तेवढा एक शब्द काही त्याच्या तोंडून निघेना.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काम करताना पटाशी निसटली," तरीही थोरला म्हणाला.

जखम धुताना थोरल्याने दातओठ खाल्ले. तळव्यातलं पांढरं दिसत होतं. बाईंनी संमतीचा कागद पुढे केला. त्याने उजव्या हाताने पेन धरलं आणि सही पोरासोरांसारखी वाकडीतिकडी आली.

"डावखुरा आहे मी," तो ओशाळून म्हणाला.

बाई थबकल्या. "मग पटाशी डाव्या हातात असणार. निसटली तर उजव्या हाताला लागायला हवी. कुणी मारली असेल तर मला पोलिसांना कळवावं लागतं. विचार करून सांगा." आणि त्या मोजे चढवायला वळल्या.

धाकट्याने धीर दिल्यासारखा तो हात धरला आणि अंगठा जखमेत रुतवला. थोरल्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"एकदा चुकलं म्हण की रे," तो कळवळून म्हणाला.

"माझं काय चुकलं? तू हात मध्ये कशाला घातलास?"

थोरल्याने उजवं कोपर फिरवलं. धाकट्याच्या नाकाचं हाड कडकन मोडलं आणि तो ट्रेवर कोसळला. कात्र्या, चिमटे फरशीभर झाले.

"लिहा बाई," थोरला धापा टाकत म्हणाला, "पटाशी माझ्या भावाने मारली. आणि त्याचं नाक मी फोडलं, तेही लिहा."