आधी भरलेली बाटली

अरे ऐका तर. ही चिमणी, म्हणजे एका जागी दोन मिनिटं टेकत नाही म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणायचे, ती प्रयोगशाळेत पेशी वाढवायची. माणसाच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, त्याही अमर केलेल्या. साध्या पेशी काही काळ दुप्पट होत राहतात, मग दमतात. ह्या दमतच नाहीत. चार दिवसांनी बाटली भरली की थोड्या उचलायच्या, नव्या बाटलीत टाकायच्या, की पुन्हा सुरू. त्यातूनच गुडघ्यात टोचायचं औषध होणार होतं, आणि पहिल्या दहा पेशंटांत तिचा मामा. भाचीच्या भरवशावर सही केलेली. तारीख सोमवारची.

आणि शुक्रवारी दुपारी चष्म्याने हाक मारली. चष्मा म्हणजे तिथला गुणसूत्रं मोजणारा.

"चिमणे, ह्या फोटोतल्या पेशीची मोज."

तिने मोजली. शेहेचाळीस हवीत, आली सत्तेचाळीस. पुन्हा मोजली. सत्तेचाळीसच.

"वीस पेशींत पाच अशा आहेत," चष्मा म्हणाला. "जास्तीचं गुणसूत्र पाचहीजणींत तेच. म्हणजे सगळी एकाच आईची पिल्लं."

"पण आल्या कुठून रे ह्या?"

"मला काय विचारतेस? पोसतं कोण त्यांना?"

चिमणीने वही ओढली. मागची पानं उलटत गेली. दर खेपेला बाटल्या तीन असायच्या. नियम असा की तिन्हींतल्या पेशी सारख्या मिसळून पुढे न्यायच्या. पण दोन बाटल्या रेंगाळायच्या, त्यांच्यापायी रविवारी यावं लागायचं. मग जी आधी भरेल तीच बाटली चिमणी पुढे न्यायची. वर लाडाने म्हणायची, ही माझी हुशार मुलगी. आणि आधी भरणार कोण? जिच्यात काहीतरी बिघडून घाई सुटलीय तीच ना. आठ महिने तिने निवडून निवडून त्याच पोसल्या होत्या. मरण नाही, त्यात ही घाई. गुडघ्यात जाऊन थांबल्याच नाहीत तर? गाठ.

ती खिडकीपाशी गेली, परत आली, हात धुतले, पुन्हा धुतले.

"अजून वीस मोजू का?" चष्मा हळूच म्हणाला. "कमी निघाल्या तर तेवढ्याच लिहू. हल्ली हल्ली मामाचं मोजे घालणंसुद्धा दुसऱ्यावर आलंय, तूच सांगत होतीस."

"गप बस रे," ती म्हणाली, आणि तरी तिथेच उभी राहिली. खोटं कशाला सांगू, चांगली पाच मिनिटं उभी राहिली. मग वही घेऊन प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या दारात.

मॅडमनी सगळं ऐकलं. "नियमात काय लिहिलंय?"

"तिन्ही मिसळायच्या."

"आणि तू?"

"जी आधी भरेल ती."

मॅडमनी वही मिटली. "रविवारी येत जाऊ नकोस, हे मीच म्हणाले होते तुला. चूक दोघींच्या नावाने लिही." मग फोन जवळ ओढला. "हॉस्पिटलला मी सांगते. जुन्या गोठवलेल्या पेशींपासून पुन्हा सुरुवात. मामांना तू सांग."

मामाने पहिल्याच रिंगला उचलला. "काय गं, सोमवारी उपाशी यायचं का?"

"मामा, सोमवार रद्द झाला. पेशी बिघडल्यात. माझ्या हातून."



"नव्या कधी?"

"वर्ष लागेल. जास्तही."

"हं." मग म्हणाला, "तू बोलली नसतीस तर कुणाला कळलं असतं?"

"एवढ्यात तरी नाही."

"बरं केलंस, आधी मला विचारलं नाहीस," मामा म्हणाला. "मी म्हटलं असतं, टोचा."