ओर्विल नेपियरचा लांब सुरा

ओर्विल नेपियर माझा शेजारी. पस्तीस वर्षं त्याने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर लांब सुरे करायला घेतले. अडीचशे वर्षांपूर्वी आमच्या केंटकीच्या जंगलात शिकारी कमरेला लावून हिंडत, तसले. गवत कापायच्या यंत्राचं जुनं पातं तो भट्टीत तापवायचा, ऐरणीवर ठोकायचा, पाणी द्यायचा, हरणाच्या शिंगाची मूठ बसवायचा. मग व्हिनेगर नि मोहरी चोपडून महिनाभर शेळ्यांच्या लेंड्यांत पुरायचा. बाहेर निघालेला सुरा बघून वाटावं, याने चार अस्वलं तरी फाडली असतील.

दर जूनमध्ये हौशी मंडळी त्या काळचे कपडे घालून नदीकाठी तंबू ठोकतात. तिथे ओर्विल सुऱ्याने मांस कापी, काटक्या तासी, पोरींना दोरीवर टांगलेला खेळायचा पत्ता उभा चिरून दाखवी. एका वर्षी नदी ओलांडताना त्याचा पाय घसरला. ओर्विल वर आला, सुरा गेला.

तीन वर्षांनी तो सुरा जिल्ह्याच्या इतिहास मंडळाला चिखलात सापडला. मंडळाच्या अध्यक्षा इमोजीन रॅटलिफबाई. त्यांनी जाहीर केलं की हा सुरा इथे पहिली वस्ती करणाऱ्या कॅप्टन एसा टॅकेटचा, सन सतराशे अठ्ठ्याहत्तर. ग्रंथालयात काचेची पेटी आली, तिच्यावर दिवा आला.

ओर्विल टोपी हातात घेऊन गेला. इमोजीनबाईंनी त्याला चौथीत शिकवलं होतं, त्यामुळे साठी उलटूनही त्यांच्यापुढे त्याची जीभ अडखळायची.

"बाई, तो सुरा माझा आहे. मी केलाय."

"ओर्विल, चौथीतही तू असंच करायचास. दुसऱ्याचं चित्र आपलं म्हणून दाखवायचास."

"ते एकदाच, बाई! मूठ काढून बघा ना. खाली गवताच्या यंत्राचा शिक्का आहे."

"अडीचशे वर्षांची मूठ उचकटू? लाज नाही वाटत?"

मग बाईंना त्याची दया आली असावी. त्यांनी मंडळासाठी त्याच सुऱ्याची नक्कल करायला सांगितली. ओर्विलने जीव ओतून केली. बाईंनी दोन्ही सुरे शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले.

"चांगला प्रयत्न आहे," त्या म्हणाल्या. "पण मूळ कारागिराचा हात काही औरच."

ओर्विल घरी आला आणि अंगणात बसून राहिला. त्याची बहीण व्हर्ना, जिभेने जरा तिखटच, गरम, पावासारखी मऊ बिस्किटं नि ग्रेव्ही घेऊन आली.

"काय झालं तोंडाला?"

"बाई म्हणाल्या, मी माझ्याइतका चांगला नाही."

"मग खा आणि झोप," व्हर्ना म्हणाली. मला मात्र दिसलं, की तो आतून थोडा सुखावलाही होता.

एवढ्यात पेपरात फोटो बघून ओहायोहून टॅकेट घराण्याचे वंशज सात गाड्या भरून आले. पुढे डेल्फा टॅकेट, ब्याऐंशी वर्षांची, हातात काठी. आमच्या खापरपणजोबांचा सुरा आम्हाला द्या, म्हणाली. इमोजीनबाई पेटीपुढे हात पसरून उभ्या राहिल्या. त्या गोंधळात ओर्विल पुन्हा म्हणाला, "अहो, तो माझा आहे!"

"मग करून दाखव," डेल्फा म्हणाली. "सगळ्यांसमोर."

शनिवारी ग्रंथालयाच्या आवारात ऐरण मांडली. भाता मी मारला. ओर्विलने सकाळपासून दुपारपर्यंत ठोकलं, एकदाही मोजपट्टी न लावता. सुरा तयार झाला तेव्हा पेटीतल्या सुऱ्याचा जुळा भाऊच वाटत होता, फक्त गंज तेवढा नव्हता.

आता तरी पटेल, असं मला वाटलं. डेल्फाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ओर्विलचा काजळी लागलेला हात हातात घेतला.

"हे शिकून येत नाही रे पोरा. हे रक्तात असतं. तू आमचा आहेस."

"मी नेपियर आहे, मावशी."

"कुठेतरी गफलत झाली असेल."

इमोजीनबाईंनी लगेच वही काढली आणि संध्याकाळच्या आत त्याला सातव्या पिढीतला टॅकेट ठरवलं.

"तो टॅकेट, तर मी कोण?" व्हर्ना कडाडली. "मी नाही हं कुणाची टॅकेट! आमची आई देवाधर्माची, सरळमार्गी बाई होती!"

पण ओर्विल टॅकेटांच्या घोळक्यातून हलेना. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सात गाड्यांतली माणसं त्याला मिठ्या मारत होती, कुणी त्याच्या कानांची ठेवण खापरपणजोबांशी जुळवत होतं. नाही म्हणायचं त्याच्याच्याने होईना.

ऑगस्टमध्ये तो टॅकेटांच्या मेळाव्याला ओहायोला गेला, मलाही नेलं. वंशज तिथे हजर राहणार म्हणून इमोजीनबाईंनी सुरा पेटीतून काढून स्वतः मांडीवर ठेवून आणला होता. डेल्फाने तो ओर्विलच्या हाती दिला आणि मीठ लावून मुरवलेली डुकराची तंगडी कापायला सांगितली. ओर्विलने अंगठ्याने धार चाचपली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अगदीच बोथट करून ठेवलाय," तो म्हणाला. "धारेचा दगड आहे का कुणाकडे?"

बाई किंचाळल्या. टॅकेट टाळ्या वाजवू लागले. ओर्विल खाली बसला, दगडावर थुंकला आणि धार लावू लागला.