मला पाजलेलं पाणी

मित्रांनो, जवळा बाजार या गावात, धान्याच्या मोंढ्याच्या मागच्या खोलीत, फळीवर पोत्याखाली झाकून ठेवलेला जुना संगणक म्हणजे मी. जवळ आलात तर अजून ओलसर, जळका वास येईल. घाबरू नका, आता माझ्यात वीज नाही.

२००६ साली तांड्यावरच्या दिपकनं नांदेडहून एकेक भाग आणून मला जोडलं. लग्नाचं शूटिंग कापायचं, गाणी भरायची, सीडी काढायची, हे माझं काम. औंढ्यापासून साखऱ्यापर्यंतच्या किती नवरदेवांना मी गुलाबाच्या पाकळ्यांतून बाहेर काढलं, मोजदाद नाही! "दिपकचं मशीन लई भारी," असं लोक म्हणाले की मी फुगून जायचो. पण उन्हाळ्यात माझा जीव नकोसा व्हायचा. पंखा केकाटायचा आणि मी काम अर्धवट टाकून बंद पडायचो.

२००९च्या मार्चमध्ये दिपकनं ठरवलं, याला पाण्यानं थंड करायचं. पण कसं? सीलबंद संच मिळत होता. त्यात पंप, नळ्या, पाणी सगळं कारखान्यातूनच बंद होऊन येतं. भरायचं नाही, उघडायचं नाही. नाहीतर सगळं स्वतः जोडायचं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी पुन्हा बांधून देणारा रामकिशन या दुसऱ्या मताचा.

"बंद डब्याचा काय भरोसा? आत काय चालू हाय, दिसतं का तुला? मी बनवतो ते खोलता येतं. दोन महिन्याला खोल, धू, बॅटरीत घालतेत ते शुद्ध पाणी भर. बराबर चालंल."

"आन् न्हाई खोललं तर?" दिपकनं विचारलं.

"काहून न्हाई खोलणार? तुझंच मशीन हाय ना?"

दोघं हसले. मला मात्र हसू आलं नाही. तीन वर्षांत दिपकनं माझ्यातली धूळ एकदाच काढली होती, तीही दिवाळी होती म्हणून.

रामकिशननं तांब्याचा पोकळ ठोकळा माझ्या छातीवर बसवला. कूलरचा छोटा पंप, जुन्या जीपच्या हीटरची जाळी आणि वर पाण्याची काचेची बरणी. पहिले पंधरा दिवस काय सुख होतं म्हणून सांगू! लोक बघायला यायचे आणि दिपक ऐटीत बरणी दाखवायचा.

मग लग्नसराई लागली. बरणीतलं पाणी उन्हानं उडून कमी व्हायचं आणि दिपक बाहेरगावी. दुपारी त्याची माय, नानीबाई, दुकान झाडायला यायची. तिला ती बरणी बघवेना.

"तान लागली व्हय रं लेकरा?" म्हणत तिनं माठातलं वाटीभर पाणी त्यात ओतलं. मग रोजच. बोअरचं पाणी ते! त्यानं घरच्या भांड्यांना पांढरा थर धरतो. मला ओरडून सांगायचं होतं, नको माय. पण दारी आलेल्याला पाणी पाजल्याशिवाय ती कधी राहिली नव्हती, आणि तिनं मलाही त्यांच्यातच धरलं. तिची माया खरी होती. दिवसेंदिवस माझ्या छातीतली वाट बुजत गेली.

पंप खरखरू लागला. दिपकनं ती खरखर ऐकली आणि गाण्याचा आवाज वाढवला. दोन महिने उलटले, तरी त्यानं मला खोललं नाही.

मे महिन्यात उत्तमरावांच्या लेकीचं लग्न झालं. जन्मात न नाचलेला तो अबोल शेतकरी त्या दिवशी वरातीपुढं नाचला. बाराव्या दिवशी ते बसल्या जागी गेले. दिपकनं शूटिंग माझ्यात उतरवून घेतलं होतं आणि नेहमीप्रमाणे तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरली होती. सीडी अजून काढायची होती. म्हणजे नाचणारे उत्तमराव आता फक्त माझ्यात होते. मला फार भीती वाटली.

सुतक फिटल्यावर त्यांची बायको, आशाबाई, भर दुपारी आल्या.

"दिपक, मला फकस्त त्यांचं नाचणं दाव."

दिपकनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि मला चालू केलं. नानीबाईनं आधी त्यांना पाणी दिलं, मग बरणीत ओतलं. आत पाणी पुढं सरकत नव्हतं. पंप नळीला धक्के देत होता. पडद्यावर उत्तमराव हात वर करून वळले. चारचौघांत बायकोचं नाव कधी न घेतलेला माणूस तो!

"आशा, ये की तू बी!"

"आले, आले," म्हणत आशाबाई स्टुलावरून अर्धवट उठल्या.

तेवढ्यात नळी निसटली. पाणी डिस्कवर पडलं, ठिणगी उडाली आणि पडदा काळा झाला.

"लाव ना रे परत," त्या म्हणाल्या.

रामकिशननं बसवलेलं ते सगळं दिपकनं पहिल्यांदा खोललं. ठोकळा आतून पांढरा, दगडासारखा झाला होता.

"माझ्याच हातानं झालं व्हय?" नानीबाईनं विचारलं.

"न्हाई माय. मी खोललं न्हाई."

डिस्क नांदेडला नेली. तिथल्या माणसानं नकारार्थी मान हलवली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही, नुसतं खरखरता येतं. ती खरखर ऐका. आणि आपल्या माणसाचं हसणं एकाच यंत्राच्या भरवशावर ठेवू नका, हात जोडून सांगतो.

आशाबाई दर बाजारी येतात. "झालं का रे चालू?" विचारतात. "होऊन राहिलं, काकू," दिपक खाली मान घालून म्हणतो. आज बाजार आहे. त्या पायरी चढत आहेत, आणि दिपकनं त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही.