वही कोणाची

१२ ऑक्टोबर २०१०, मंगळवार. कुडव्याच्या दुकानात मी पाच हॉर्सपॉवरच्या जळालेल्या मोटरमधून तांब्याची तार उपटत होतो. दुपारचे सव्वादोन झाले होते. फोन आला. रुख्मा होती. माझ्या बायकोच्या चुलत भावाची, परसरामची, बायको. ती म्हणाली, "सुकराम भाऊ, नीतूले आमच्या घरवाल्यानं मारलं. फावड्यानं. तुम्ही या जी."

मी विचारलं, कुठं लागलं.

ती म्हणाली, "लागलं नाई. ते मेली."

समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्यानं विचारलं, भैया, मोटर कब मिलेगी. मी म्हणालो, कल. हे मला अजून आठवतं, की मी कल म्हणालो.

नीतू माझी बायको. तिचं माहेर नवेगाव बांधच्या अलीकडे, सत्तर किलोमीटरवर. मी गाडीनं गेलो. कोहमाऱ्यापर्यंतचा रस्ता आठवत नाही. पोलीस यायचे होते, म्हणून ती तळ्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, गेटजवळ तशीच पडलेली होती. कोणीतरी अंगावर लुगडं टाकलं होतं. मी ते काढलं. पहिला घाव खांद्यावर होता, दुसरा मानेवर, तिसरा डोक्यावर. तिसऱ्याची गरज नव्हती. फावडा बाजूलाच होता, त्याला केस चिकटले होते. तिची पिशवी पोटाखाली दबली होती. एक कागद फाटलेला होता आणि तसाच दुसरा तिच्या मुठीत होता. त्यावर सहीची जागा कोरी होती.

तो कागद कशाचा होता हे सांगायला पाहिजे.

माझे सासरे त्या तळ्याचे पाणकर होते. पाणकर म्हणजे गेट उघडून कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती तास पाणी जाईल ते ठरवणारा आणि देणारा. आम्ही जातीनं कोहळी. तळं बांधणं आणि पाणी वाटणं हे आमच्यात पिढ्यांपासून आहे. सासऱ्यांनी सदतीस वर्षं हे काम केलं आणि सगळे नियम एका वहीत लिहून ठेवले. तळ्यात पाणी किती, बांधी किती मोठी, गेटपासून किती लांब, शेवटच्या बांधीला जास्त तास का. ते गेले, तेव्हा वही परसरामकडे गेली, कारण तो पुढचा पाणकर झाला.

नीतू कुडव्यात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. योगेश्वरी मॅडम आणि ती मिळून. आम्हाला मूल नाही, संध्याकाळचा सगळा वेळ तिचा असायचा. मरायच्या दोन वर्षं आधी तिनं वहीचे फोटो काढून आणले. परसराम तेव्हा म्हणाला होता, ने ना बाई, काकाची वही आहे, जुन्या कागदाचं काय. त्या नियमांवरून तिनं एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं पाणकर. तळ्याची पातळी टाकली की कोणाची पाळी कधी आणि किती तास, ते दाखवायचा. गावोगावी अशी तळी आहेत. तिला तो सगळ्यांना द्यायचा होता.

त्यासाठी जगभरच्या लोकांची एक संस्था आहे. तिथं पॅकेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याच्या सगळ्या फाईली एकत्र बांधून, पाठवायचं, ते तपासतात, पास झालं की कोणीही उतरवून घेतो. फुकट. त्यांचा नियम असा की घेणाऱ्यानं ते बघावं, बदलावं, पुढं द्यावं, कोणी अडवायचं नाही. हे ज्या कागदावर लिहिलेलं असतं ते लायसन्स. पण जे तुम्ही देता ते तुमचं पाहिजे, नाहीतर ज्याचं आहे त्याची परवानगी पाहिजे.

पहिल्यांदा पाठवलं ते परत आलं, लायसन्सची फाईल विसरली म्हणून. दुसऱ्यांदा परत आलं, आतला फॉन्ट दुसऱ्याचा होता. तिसऱ्यांदा, चार फाईलींवर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. दरवेळी दीड-दोन महिने. चौथ्यांदा तपासणाऱ्यानं विचारलं, हे नियम कुठून घेतले, त्या वहीचा हक्क कोणाकडे आहे.

गावात कोणी हे कधी विचारलं नव्हतं. वही तळ्याची होती, जसं गेट तळ्याचं. पण तळ्याची म्हणून चालत नव्हतं, माणसाचं नाव पाहिजे होतं. ती म्हणाली, वही परसराम दादाकडे आहे, तोच पाणकर आहे, त्याची सही आणते. तपासणाऱ्यालाही तिनं कळवलं की भाऊ सही देईल.

मी म्हणालो होतो, "तूच करून टाक ना सही. तो परदेशातला माणूस थोडीच पाहायले येते."

ती म्हणाली, "खोटंच लावाचं तं लायसन्स कायले लावाचं?"

मंगळवारी सकाळच्या बसनं ती गेली.

पुढचं मला बकारामनं सांगितलं. त्याची बांधी गेटाला लागून आहे, वय ऐंशीच्या घरात. तो पाळीवर बसला होता. त्यानं सांगितलं की परसरामनं कागद दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, वही माझी होय का. नीतू म्हणाली, कागदापुरती तुझी, दादा. तो म्हणाला, माझी आहे तं मी नाई देत.

ती चिडली नाही. अर्धा तास त्याला समजावत बसली. त्यानं विचारलं, हा प्रोग्राम करते काय. तिनं खरं ते सांगितलं. म्हणाली, "यंदा तुझ्या बांध्यात दोनदा पाणी गेलं आन सावित्रीबाईच्या बांधीत एकदाबी नाई. हे आता कोणालेबी दिसन."

सावित्रीबाई म्हणजे शेवटच्या बांधीची विधवा. धान लोंबीवर होतं आणि तिची बांधी भेगाळली होती.

परसरामनं कागद फाडला. नीतूनं पिशवीतून दुसरी प्रत काढली. तेव्हा त्यानं फावडा उचलला. बकारामनं मध्ये हात घातला, त्याची दोन बोटं दांड्याखाली मोडली. दुसऱ्या घावाला ती खाली बसली होती, असं तो म्हणाला. तिसरा तो सांगत नव्हता. मी सांगायला लावलं.

तेरवी झाल्यावर योगेश्वरी मॅडम दुकानात आल्या. नीतूची मेल त्यांना माहीत होती. त्यांनी ती क्लासवर उघडली होती आणि एक पत्र छापून आणलं होतं. मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला आलेलं. नीतू तेव्हा बसमधून उतरली असेल. तपासणाऱ्यानं लिहिलं होतं की वही कोणाजवळ ठेवली आहे याला अर्थ नाही. ज्यानं लिहिली त्याची ती. तो वारला असेल तर त्याच्या वारसांची, म्हणजे बहुतेक तुमची आणि तुमच्या आईची. तुम्हा दोघींची सही पुरे. भावाची लागत नाही.

मॅडमनी हे मला मराठीत दोनदा सांगितलं. मी घण घेतला आणि समोरची मोटर फोडली. गिऱ्हाइकाची होती. मग बेंचवरचा मीटर फोडला, मग भिंतीवर घण मारत राहिलो. मॅडम दाराशी उभ्या होत्या. पळाल्या नाहीत.

जी सही आणायला ती गेली ती तिला स्वतःलाच करायची होती. आणि मी तेच म्हणालो होतो, थट्टेत. परसराम त्या दिवसापर्यंत वहीचा मालक नव्हता. तिनं परवानगी मागितली म्हणून झाला.

एप्रिलात तो जामिनावर सुटला. मी मोटरचा शाफ्ट घेतला, हातभर लांब, आणि बाजाराच्या दिवशी नवेगाव बांधला गेलो. तो भाजी घेत होता. मी मागून मारलं नाही, हाक मारली. तो वळला तेव्हा जबड्यावर मारलं. तोंडातून तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि दात बरोबरच बाहेर आले. खाली पडल्यावर उजव्या कोपरावर मारलं, हाडाचा आवाज येईपर्यंत. मग आणखी. लोकांनी ओढलं तेव्हा मी त्याच्या छातीवर बसलो होतो. तो म्हणत होता, "जवाई, बस करा."

बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. दोन दिवस बरं वाटलं. मग भंडाऱ्याच्या जेलात तेवीस दिवस होतो. आता त्याची केस चालू आहे आणि माझीही.

जेलात मी ठरवलं की पॅकेज पूर्ण करायचं. बाहेर आल्यावर मॅडमना सांगितलं. तपासणाऱ्यानं लिहिलं, तिनं लिहिलेल्या प्रोग्रामचे वारस तुम्ही, वहीचा हक्क तिच्या आईकडे. दोघांनी लिहून द्या. मी म्हणालो, देतो, पण लायसन्समध्ये एक ओळ घाला. परसरामचं पूर्ण नाव, गाव आणि पुढं, या माणसाला हे वापरायची परवानगी नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्याला वाईट वाटत होतं, तो आठ महिने तिच्याशी बोलत होता. पण एका माणसालाही वगळणारं लायसन्स तो पास करू शकत नव्हता. मग ते सगळ्यांचं राहत नाही. ओळ काढा, त्याच दिवशी घेतो.

मी मॅडमना म्हणालो, त्याला लिहा, तू विचारलं नसतं तर ती जिवंत असती. पुढं एक शिवी सांगितली. त्यांनी बाकीचं लिहिलं. म्हणाल्या, "शिवीचं इंग्रजी मले येत नाई."

नऊ दिवसांनी त्याची एकच ओळ आली. हा विचार मीपण रोज करतो.

मी पुन्हा लिहिलं नाही. दोन वर्षं ते तसंच पडलं. मागच्या उन्हाळ्यात मॅडमनी वहीचे फोटो कागदावर काढून दिले आणि मी ते पान पान वाचले. अक्षर सासऱ्यांचं, ठसठशीत. बहुतेक पाळ्या, तास, नावं. १९७४ च्या सप्टेंबरात हे होतं: "बकारामने गेटवर विळ्याने मारले. माझा उजवा कान फाटला. सहा टाके. गुरुवार, बकारामची पाळी, चार तास. दिली."

धान लोंबीवर आलं तेव्हा मी गावी गेलो आणि बकारामला ते वाचून दाखवलं. तो मोडकी बोटं चोळत बसला होता. म्हणाला, "दिली. गेट उघडाले थोच आला. कानाले पट्टी होती. माह्याशी बोलला नाई. बांधी भरली, तसा गेला."

"काऊन दिली?"

"पाळी माही होती ना जी."

तिथून सासूबाईंकडे गेलो. धुरपताबाई आता नीट पाहू शकत नाहीत. मी वहीचा कागद वाचला, त्यांनी अंगठा दिला. मग दुसरा कागद वाचला, माझा, त्या ओळीसकट, आणि तपासणारा काय म्हणतो तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते ओळ तुही होय. माह्या मनातबी तेच आहे. पण पोरीनं ते लिहिली नव्हती."

परत येताना पाळीवर थांबलो. गेटाची लोखंडी चावी परसरामच फिरवत होता, डाव्या हातानं, उजवा वाकत नाही. गावानं दुसरा पाणकर केलेला नाही. त्यानं मला पाहिलं आणि चावी हातात धरून उभा राहिला. मी गाडीवरून उतरलो नाही. पुढं सावित्रीबाईची बांधी लागली. यंदाही कोरडी होती.

ते पॅकेज अजून गेलेलं नाही. धुरपताबाईंचा अंगठा झाला आहे. माझी सही राहिली आहे, आणि ती ओळ काढायची राहिली आहे.