पेटीतली बटणं

लेक झोपली की तिच्याकडे पाऊण तास असायचा. त्यातली पहिली पाच मिनिटं पोरीच्या मुठीतून आपली बाही सोडवण्यात जायची. उरलेल्या वेळात भांडी घासावीत, दोन घास खावेत, जरा अंग टाकावं, हे सगळं तिला कळायचं. पण कळतं ते वळतं थोडंच? ती पाळण्याशेजारी जमिनीवर बसायची, भिंतीला पाठ टेकवायची आणि फोन उघडायची.

गेम फुकटचा होता. एक लहानसं गाव, गावात घर, घरात कामाचं टेबल. रानात हिंडून धागे, लोकर, रंग गोळा करायचे, टेबलावर मांडायचे आणि त्यातून वस्तू घडवायच्या. लेक होण्याआधी सहा वर्षं ती पडदे शिवण्याच्या कारखान्यात होती. घडवायचं म्हटलं की तिचे हात आपोआप शिवशिवायचे. गेममधलं घर मात्र तिचं एकटीचं नव्हतं. दूरच्या शहरात, इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणाऱ्या ताईचं आणि तिचं ते मिळून होतं. टेबलं दोघींची वेगवेगळी, सामानाची पेटी एकच.

खरं सांगायचं तर वर्षभर दोघी बहिणी एकमेकींना भेटत होत्या त्या इथंच. फोनवर “बरी आहेस ना? पोर बरी?” याच्यापुढं गाडी सरकत नव्हती. कारण होतं आईचं शिलाई मशीन. आई गेल्यावर तिची भाड्याची खोली रिकामी करायची होती. ही आठव्या महिन्याचं पोट सावरत तिथं पोचली, तर कोपऱ्यात मशीन नाही. ताई आदल्याच दिवशी घेऊन गेली होती. धुळीत नुसते मशीनच्या पायांचे चार ठसे. हिनं ओठ घट्ट मिटून खोली झाडली, केरात सापडल्या त्या टाचण्या, एक रीळ, एक बटण आईच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि डबा उचलून घरी आली. हिनं विचारलं नाही, ताईनं सांगितलं नाही.

मग ताईनंच एक दिवस या गेमचं बोलावणं पाठवलं. आणि आता या महिन्यात म्हणाली, “चिंगे, तुझ्या लेकीचा पहिला वाढदिवस आलाय. मला काही सुट्टी मिळत नाही. त्या चांदण्यांच्या रजईसाठी मिळून प्रयत्न करू या. गेममध्ये का होईना, मावशीचं एक पांघरूण.”

रजईला नऊ चौकोन लागत होते. एका चौकोनाला तीन चंदेरी धागे. धागे टेबलावर ठेवायचे आणि ‘घडवा’वर टिचकी मारायची. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं: यशाची शक्यता सत्तर टक्के. फसलं तर धागे जळणार, टेबल तडकणार आणि आठ तास बंद. लगेच जोडून हवं असेल तर दुकान उघडंच होतं. ते तर इतक्या तत्परतेनं उघडायचं, की जणू कुणी दाराआड कान लावून बसलंय.

रविवारी गेममधली जत्रा संपली की रजईचा नमुनाही गायब होणार होता.

तिनं शिंप्याच्या खडूनं भिंतीवर, पाळण्याच्या आड, रेघा मारायला सुरुवात केली. अकरा प्रयत्न. चार लागले, सात जळाले. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्यानं रेघा पाहिल्या आणि हसला.

“हे काय, कैदेत आहेस की काय?”

“सत्तर टक्के म्हणतात आणि दहातले चारही लागत नाहीत. लबाडी आहे ही.”

“अगं, फुकटचं ते पौष्टिक असतं म्हणतात. तुझं तर फुकट खाऊन वजन घटतंय.”

“तू नको शहाणपण शिकवूस.”

“बरं बाई. पण संशय घ्यायचाच तर गेमवर घे, भिंतीवर नको. रंग मलाच द्यावा लागेल.”

पण संशय एकदा दारात आला की तो बसायला पाट मागतोच. मंगळवारी तिनं पेटी उघडली. आदल्या दिवशी बारा धागे ठेवले होते, आता नऊ. बुधवारी तीन नवे टाकले, गुरुवारी पाहिलं तर पुन्हा नऊच. आणि रजईचा चौकोन एकही वाढला नव्हता. पेटीला किल्ल्या दोनच होत्या.

त्यात पेटीत कचरा. गेममधल्या शेळीला चारा घातला की ती बदल्यात एक बटण द्यायची, कशालाच उपयोगी न पडणारं. तसली बटणं पेटीत तीन-तीन पडलेली दिसायची. पेटीला खण मोजून वीस. ‘घर आहे की भंगाराचं दुकान,’ असं पुटपुटत ती रोज बटणं काढून फेकायची. शेळीला चारा ताईच घालायची, हेही तिनं मनात टिपून ठेवलं होतं.

‘घेत असेल स्वतःसाठी,’ मन म्हणायचं. ‘तिला सवयच आहे, न विचारता न्यायची.’ दुसरं मन म्हणायचं, ‘अगं, ताई आहे ती. तुझ्या वेण्या घातल्यात तिनं.’ पण पहिल्या मनाचा आवाज मोठा.

शुक्रवारी पोर झोपल्याबरोबर तिनं पेटीतले होते नव्हते ते सगळे धागे काढून आपल्या पिशवीत भरले. मग मेसेज लिहिला. तीनदा खोडला, चौथ्यांदा पाठवला: “ताई, पेटीतलं सामान कोण नेतंय? आईच्या मशीनसारखंच का हेही?”

उत्तर आलं नाही. पोर उठली, पोरीचं खाणं झालं, तोंड पुसलं, जमिनीवरून काहीतरी उचलून तोंडात घालता घालता तिला पकडलं, तरी फोन गप्पच. ताई आता बोलणारच नाही, असं तिला वाटायला लागलं. एवढंसं उरलं होतं, तेही आपण आपल्या हातानं कापलं. आणि कापलेलं कापड काही पुन्हा अखंड होत नाही, हे शिवणारीला कुणी सांगायला नको.

संध्याकाळी कामाची पाळी संपल्यावर ताईचा फोन आला. मागे धुलाईयंत्रांची घरघर होती.

“चिंगे, माझी बटणं कुठं गेली?”

“कसली बटणं?”

“पेटीतली. तीन धागे उचलले की तीन बटणं ठेवत होते मी. बटणं रोज दिसेनाशी व्हायची, म्हणून मला वाटलं, तुला कळलंय.”

“मी... फेकून दिली. कचरा म्हणून.”



“फेकलीस? अगं शेळी, आईचा नियम विसरलीस? मशीन चालू असलं की आईला ऐकू यायचं नाही. मग तिच्या टेबलावरनं काही उचललं की त्या जागी बटण ठेवायचं. म्हणजे, मी नेलंय, हरवलेलं नाही, विचार मला.”

“मला कधी सांगितलं होतं?”

“तू टेबलाखाली चिंध्यांत लोळत असायचीस,” ताई म्हणाली. तिचा आवाज जरा हलला. “हो गं. नसेल सांगितलं तुला. मी धरूनच चालले.”

“पण धागे न्यायचे कशाला?”

“अगं, टेबल तडकलं की आठ तास बंद. तुझी पोर झोपते पाऊण तास. म्हटलं, फसायचं ते माझ्या टेबलावर फसू दे, तुझं मोकळं राहील. पाच वेळा ठेवले.”

“आणि?”

“पाचही वेळा जळाले. लाजेनं बोलले नाही. सत्तर टक्के म्हणे! आमच्या इथली यंत्रंसुद्धा याहून कमी मोजे गिळतात.”

तिला हसू फुटलं. भिंतीवरच्या रेघांत तिनं आणखी पाच ओढल्या. सोळातल्या चार. गेमवरचा संशय काही गेला नाही, उलट पक्का झाला. पण तो आता दोघींचा मिळून होता.

मग तिनं हळूच विचारलं, “ताई, मशीनच्या जागी?”

“ठेवलं होतं की. माझ्या कोटाचं, मोठं, तपकिरी. दुसरं नव्हतं जवळ. घरमालक म्हणाला, उद्या सकाळी माणसं येऊन सगळं सामान उचलतील. तुझं पोट एवढं, त्यात तुमचा तिसरा मजला. म्हटलं आत्ता मी नेते, बटण बघून ही विचारेल, मग सांगू. तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, तुला नकोच असेल. शिवायचंही आणि मीही.”

ती उठली. कपाटावरून आईचा पत्र्याचा डबा काढला आणि पाळण्यापासून लांब, टेबलावर उपडा केला. टाचण्या, रिळं, पांढरी, निळी, फुटकी बटणं. मधोमध एक तपकिरी, चार भोकांचं, लेकीच्या तळव्याएवढं. वर्षभर ते तिच्याच घरात होतं.

“सापडलं,” ती म्हणाली. “ताई, मी ते केरात...”

“असू दे. त्या कोटाला अजून एक बटण कमीच आहे. मिळतंजुळतं मिळालं नाही.”

“दुसरं लावू नकोस. कोट घेऊन ये. मी लावून देते.”

“सुट्टी नाही गं.”

“मग आम्ही येतो. पोरीला घेऊन, रविवारी. मशीनही बघते, तेल घालतेस की नाही.”

“घालते,” ताई जरा तोऱ्यात म्हणाली. “आणि रजई? जत्रा रविवारीच संपतेय.”

तिनं पिशवीतले धागे पुन्हा पेटीत ठेवले, नऊच्या नऊ. “जळू दे त्यांची रजई. तुझ्याकडे जुन्या चादरी आहेत ना? काढून ठेव.”

पाळण्यात पोर कुशीवर वळली आणि डोळे उघडून आईकडे बघू लागली. तिनं बटण मुठीत घट्ट धरलं, आणि पोरीच्या हाती लागू नये म्हणून दोऱ्यात ओवून आपल्या गळ्यात घातलं.