पुढच्या गावातून फोन

संकटात खरे मित्र धावून येतात. आम्ही आमच्या प्रूफरीडर मित्राला घेऊन पळालो. त्याच्या गळ्यातल्या गाठीच्या तपासणीचा निकाल डॉक्टर आज सांगणार होते. तो चपला घालून दवाखान्याला निघाला आणि दारातूनच मागे फिरला. मग आमच्या वायरमन मित्राने आणि मी त्याला गाडीत कोंबलं आणि तळ्याकाठच्या गावांचा रस्ता धरला.

“पुढच्या गावातून डॉक्टरांना फोन करतो,” तो म्हणाला. पहिल्या गावात होड्या बघितल्या. दुसऱ्यात चहा घेतला. तिसऱ्यात दुकानाच्या पाटीवरच्या चुकाही त्याने काढल्या नाहीत, तेव्हा मात्र मी घाबरलो.

“लाव रे बाबा आता,” वायरमन म्हणाला. “तळं संपत आलं.”

त्याने फोन लावला. कंपाउंडरने उचलला.

“डॉक्टर नाहीत. मित्रांनी सकाळीच ओढून नेलंय त्यांना, तळ्यावर. सोमवारी या.”