बूरुलचा डावा डोळा

मित्रांनो, मी एक म्हातारा घोडा आहे. माझे नाव बूरुल. माझा डावा डोळा एका माणसाने फोडला. त्याची परतफेड मी कशी केली, ते आज सांगतो. ऐकून मला दुष्ट म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

डोंगरातल्या नारीन नदीच्या वरच्या अंगाला, माझा मालक मुकाश याच्या कुरणात मी जन्मलो. आमची जात जुनी, बुटकी आणि दणकट. मुकाशच्या पणजोबांपासून आमचा वंश त्याच घराने सांभाळला. उन्हाळ्यात मी तंबूचे खांब आणि त्यावर घालायचे लोकरीचे जाड नमदे पाठीवर घेऊन डोंगर चढलो. गवताची गाडी ओढली, पोरांना शाळेत पोचवले. सणाला कोक-बोरूच्या मैदानातही उतरलो. बकऱ्याचे धड ओढून पळवायच्या त्या खेळात मला मागे टाकणे कुणाला जमत नसे. मग मुकाश माझ्या कपाळावर ओठ टेकवत असे.

आमचा शेजारी बोरुबाय. त्याने शहरातून लांब पायांचा, उंचापुरा घोडा आणला होता.

"मुकाश, तुझ्या घोड्या माझ्या घोड्याकडे पाठव," तो एकदा भर चौकात म्हणाला. "ही गाढवं किती दिवस वाढवणार आहेस?"

"गाढवं तर गाढवं," मुकाश म्हणाला. "पण बर्फ पडल्यावर तुझ्या उंटाला दारात धरून भरवायला मी नाही येणार हं!"

सगळा चौक हसला. बोरुबाय मात्र हसला नाही.

त्याच शरद ऋतूत खेळ रंगला. धड मुकाशच्या मांडीखाली होते आणि आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. डावीकडून बोरुबाय आला. त्याने चाबूक उलटा धरला आणि लोखंडी कडे असलेली मूठ माझ्या डोळ्यावर हाणली. मी वेदनेने मागच्या पायांवर उभा राहिलो. मुकाश खाली पडला आणि मागून येणाऱ्या टापांखाली सापडला. तो पुन्हा उठला नाही.

धुळीत कुणाला काही दिसले नव्हते. गावचे म्हातारे म्हणाले, खेळात असे होते. बोरुबाय मयताला आला, सगळ्यांत मोठ्याने रडला आणि पोटभर जेवला. वर मुकाशच्या बायकोला म्हणाला, "सायकाल वहिनी, हा घोडा मालकाला खाऊन बसला. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला त्यालाच कापा."

सायकालने माझी जखम धुतली. कड्याचा गोल ठसा तिच्या बोटाला लागला; तसे कडे गावात फक्त बोरुबायच्या चाबकाला होते. ती बराच वेळ माझ्या मानेला कपाळ टेकून उभी होती. मग बाहेर जाऊन म्हणाली, "जेवणाला मेंढ्या कापा. याला हात लावाल तर खबरदार!"

मित्रांनो, त्यानंतर आम्ही दोघे वाट पाहत राहिलो. ती माझी शिंगरे वाढवत होती. बोरुबायचा उंच कळप फुगत होता आणि लोक त्याची वाहवा करत होते. तो कुंपणाजवळून गेला की मी दातओठ खात असे.

मग एका हिवाळ्यात आधी बर्फ वितळला आणि लगेच गोठला. कुरणावर काचेसारखा थर बसला. आम्ही खुरांनी तो फोडून खालचे गवत खात होतो. बोरुबायच्या घोड्यांना ते कधी शिकवलेच नव्हते. त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. शेवटी तो टोपी हातात घेऊन आमच्या दारात आला. मागे निम्मे गाव होते.

"वहिनी, तुमचा कळप पुढे चालू द्या. माझी जनावरं मागून चरतील. नाहीतर एकही वाचायचं नाही."

"कळप बूरुलच्या मागे चालतो," सायकाल म्हणाली. "त्याला विचार. त्याच्या डाव्या गालावर हात ठेव."

बोरुबाय पांढराफटक पडला. पण सगळे बघत होते. त्याने हात पुढे केला. तोच वास! मी मान वळवली आणि ती बोटे दातांत धरली. सोडली नाहीत.

"सोडवा, वहिनी!" तो किंचाळला. "मी घोड्यालाच मारलं होतं! मुकाश पडेल असं कुठं वाटलं होतं मला!"

सायकालने माझ्या मानेवर हात ठेवला, तेव्हा मी जबडा उघडला. दोन बोटे कायमची गेली.

"ऐकलंत ना?" ती म्हाताऱ्यांना म्हणाली. "आता तुम्हीच बोला."

म्हाताऱ्यांनी निवाडा केला: बोरुबायने मरेपर्यंत घोड्यावर बसायचे नाही. आणि जो त्याला आपला घोडा देईल, त्याच्या घरी कुणी चहा पिणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी कळप उतारावर नेला. बोरुबायचे उपाशी घोडेही मागून चरले. चाबूक त्यांनी थोडाच धरला होता!

आमच्याकडे सगळे घोड्यावरूनच फिरतात, त्यामुळे पायी जाणारा माणूस लांबूनच ओळखू येतो. आता बोरुबाय दळण पाठीवर घेऊन चिखलातून जातो आणि मी कुंपणाशी उभा राहून बघतो. सायकाल म्हणते, "पुरे झालं आता, म्हाताऱ्या." मला मात्र अजून पुरे झालेले नाही.

म्हणून मित्रांनो, जनावराला जीव लावा. माणसावरचा राग आमच्या तोंडावर काढू नका. आम्ही कुणाकडे तक्रार करत नाही. पण तुमचा हात आम्हाला ओळखता येतो.